तडकलेले तावदान

पावसाळा तोंडावर आला की आपल्या गावांतून घरे शाकारण्याची धांदल सुरू होते. कौले चाळली जातात, पन्हळी साफ केल्या जातात, सरपण पडवीत येते. ह्या गडबडीत खिडकीच्या काचेकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. कौल फुटले तर पाणी थेट अंथरुणावर गळते; तावदानाला तडा गेला तर लगेच असे काहीच घडत नाही. म्हणून त्या तड्यावर गतवर्षीच्या दिनदर्शिकेचे एखादे पान चिकटवले जाते आणि ते पिवळे पडून गळेपर्यंत तेथेच राहते. पुष्कळदा त्याच खिडकीखाली मुले अभ्यासाला बसलेली असतात, नाही तर बाळाची झोळी टांगलेली असते.

वाचकहो, अशा तावदानाविषयी विचारला जाणारा पहिला प्रश्न एकच : तडकलेली काच सांधता येते काय? त्याचे उत्तर आरंभीच देणे बरे. सांधता येत नाही. तडा काही काळ थोपवून धरता येतो, आणि तावदान बदलता येते. ह्या दोहोंपैकी कोणते केव्हा करावे हे कळले, तर दोन्ही कामे घरच्या घरी होण्यासारखी आहेत.

काच हा मोठा विलक्षण पदार्थ आहे. वाळू, सोडा आणि चुनखडी ही सामान्य द्रव्ये भट्टीत वितळवून ती तयार होते. दाब सोसण्यात ती दगडासारखी खंबीर असते, परंतु ताण तिला सोसवत नाही. लोखंडाची पट्टी आधी वाकते, लाकडाची फळी आधी करकरते. काच मात्र कोणतीही सूचना न देता तुटते. असे का व्हावे ह्याचा उलगडा ए. ए. ग्रिफिथ ह्या इंग्रज अभियंत्याने १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रबंधात केला. काचेच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे असंख्य सूक्ष्म ओरखडे असतात. काचेवर ताण पडला की तो सर्वत्र सारखा न विभागता ह्या ओरखड्यांच्या टोकांशी एकवटतो, आणि ओरखडा जितका लांब तितका तो पुढे सरकावयास कमी जोर पुरतो. आपला कापडवाला हे तत्त्व जन्मभर वापरीत आलेला आहे. सबंध थान नुसत्या हातांनी फाडावयाचे म्हटले तर ते त्याला जड जाईल; म्हणून तो कडेला कात्रीने बोटभर छेद देतो, आणि पुढचे कापड दोन हातांनी टरकन फाडतो. तावदानाचा तडा म्हणजे कोणी तरी आधीच देऊन ठेवलेला तसला छेद होय.

हा तडा स्वस्थही बसत नाही. हवेतील दमटपणा त्याच्या टोकापर्यंत पोहोचतो, आणि तेथे ताणलेले काचेचे बंध पाण्याच्या कणांमुळे एकेक करून तुटत जातात. आपल्या घाटमाथ्यावर आणि किनाऱ्यावर पावसाळ्याचे चार महिने हवा किती ओलसर असते हे सांगावयास नको. मे महिन्यात वीतभर असलेला तडा श्रावणात दुसऱ्या कडेला जाऊन भिडलेला आढळला, तर घरातल्या एखाद्या पोराने धक्का दिला असेल असे धरून उगाच त्याला मार देऊ नये. तडा आपल्या पायांनी चालत गेलेला असणेही शक्य आहे. खात्री करून घ्यावयाची असेल, तर तड्याच्या टोकाशी शाईची बारीक खूण करून चौकटीवर तारीख लिहून ठेवावी. महिन्याभराने तडा खुणेच्या पुढे गेला असेल, तर तो थोपवण्याची वेळ टळून गेली असे समजावे.

थोपवणे योग्य केव्हा? तडा एकच असेल, कोपऱ्यापुरता असेल, दोन्ही तुकडे आपापल्या जागी पक्के असतील आणि खिडकी उंचावर असेल, तेव्हाच. तडा मधून आडवा गेला असेल, एका बिंदूतून चांदणीसारख्या रेषा फुटल्या असतील, किंवा बोट लावताच तुकडा हलत असेल, तर डिंकाची बाटली उघडण्याचे कारण नाही. दारात बसवलेली, पोरांच्या हाताला लागणारी किंवा अंथरुणावरची काच तडकली असता ती बदलावीच. तेथे थोपवण्याचा विचार करू नये.

थोपवण्याची रीत सोपी आहे. कोरडा, उन्हाचा दिवस पाहून काच स्पिरिटच्या बोळ्याने पुसावी आणि पूर्ण वाळू द्यावी. दोन नळ्यांतून येणारा, मिसळून वापरावयाचा पारदर्शक इपॉक्सी गोंद काडीने तड्यावर लावला की तो हळूहळू आत ओढला जातो. वाळल्यावर वर राहिलेला गोंद दाढीच्या पात्याने अलगद खरवडून काढावा. त्यानंतर दोन्ही बाजूंनी रुंद चिकटपट्टी लावावी. ह्या गोंदाने वारा आणि पाणी अडते, तड्यात मळ साचत नाही. परंतु तडकण्यापूर्वीची ताकद काचेला परत येत नाही. चिकटपट्टीचेही तेच. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांच्या वेळी शहरांतील लोकांनी खिडक्यांच्या काचांवर कागद व पट्ट्या चिकटवल्या होत्या, हे घरातील वृद्ध मंडळींना स्मरत असेल. कागद उजेड बाहेर जाऊ नये म्हणून होता. पट्ट्यांमुळे काच फुटावयाची थांबत नाही. फुटलेले तुकडे अंगावर उडू नयेत एवढाच त्यांचा उपयोग. वादळापूर्वी काचेवर फुली मारून निश्चिंत होणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

नवे तावदान बसवण्याआधी जुने कशाने तडकले ह्याचा शोध घेणे अगत्याचे आहे. नाही तर नवेही त्याच वाटेने जाते. चेंडू आणि दगड ही उघड कारणे झाली. परंतु आपल्याकडील पुष्कळशी तावदाने लाकडाच्या फुगण्याने जातात. पावसात झडप फुगते, चौकटीत घट्ट बसते, मग ती उघडण्यासाठी मुठीने ठोसे मारले जातात. काच खाचेत जागा न सोडता कोंबलेली असेल, तर हा सगळा जोर तिच्यावरच येतो. अशा वेळी उन्हाळ्यातच झडपेची कड रंध्याने तासून घ्यावी. वाऱ्याने झडप आपटते म्हणून ओरडण्यापेक्षा पडून गेलेला हूक दोन स्क्रूंनी परत बसवणे स्वस्त पडते. लोखंडी खिडक्यांत गंज हा शत्रू असतो. गंजलेले लोखंड मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापते आणि काचेला कडेने रेटते. म्हणून काच काढल्यावर गंज घासून तेथे गंजरोधक रंग दिल्यावाचून नवी काच बसवू नये.

उष्णतेनेही काच तडकते. पूर्वी घरोघरी कंदील होते, तेव्हा ही गोष्ट लहान मुलालाही ठाऊक होती. कराडजवळच्या ओगलेवाडीचा ‘प्रभाकर’ कंदील एके काळी खेडोपाडी प्रसिद्ध होता. अशा कंदिलाच्या तापलेल्या काचेवर पाण्याचा एक थेंब पडला की ती तडकन उले. थेंबाखालची काच एकदम आक्रसते, भोवतालची तापून पसरलेली असते, आणि त्या ओढाताणीत काच तुटते. चुलीला लागून असलेल्या खिडकीवर फोडणीची वाफ आणि बाहेरून पावसाचा झोत असे दोन्ही येत असेल, तर तेथे हेच घडते. दुपारच्या उन्हात तापलेले तावदान गार पाण्याने धुणेही त्याच जातीचे.

नव्या बांधणीच्या घरांत ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या आल्या आहेत. त्यांतील काच रबराच्या पट्टीत बसलेली असते. ते काम बसवणाऱ्याकडूनच करवून घ्यावे. कोपऱ्यात बारीक ठसा असलेली काच बहुधा कडक केलेली असते. सहाशे अंशांहून अधिक तापवून हवेच्या झोताने ती एकदम निववलेली असते, आणि त्यामुळे तिच्या पृष्ठभागात कायमचा दाब कोंडलेला असतो. ती फुटते तेव्हा तिचे मक्याच्या दाण्यांएवढे तुकडे होतात. तिला कापता येत नाही, भोक पाडता येत नाही. दुसरी एक जात दोन काचांमध्ये पारदर्शक पापुद्रा घालून केलेली असते. एदुआर बेनेदिक्तस ह्या फ्रेंच रसायनज्ञाने १९०९ साली तिचे पेटंट घेतले. मोटारीची पुढची काच ती हीच. मोटारीच्या काचेवरची खपली भरून काढण्याचे जे द्रावण बाजारात मिळते ते अशा काचेसाठी असते. आपल्या साध्या तावदानावर त्यासाठी पैसे घालवू नयेत.

गोव्यातील वाचकांना येथे आपल्या जुन्या घरांच्या शिंपल्यांच्या खिडक्या आठवल्या असतील. काच महाग व दुर्मिळ होती त्या काळी लाकडी पट्ट्यांच्या खाचांतून चपटे, अर्धपारदर्शक शिंपले सरकवून ह्या खिडक्या केल्या जात. दुपारचे ऊन त्यांतून दुधाळ होऊन आत येते आणि बाहेरच्याला आतले दिसत नाही. दुरुस्तीच्या दृष्टीने ही रचना मोठी शहाणपणाची होती. एक शिंपला फुटला तर पट्टी सैल करून तेवढाच बदलावयाचा. बाकीच्यांना धक्का लागत नसे. ह्या शिंपल्याच्या प्राण्याला २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, तेव्हा खाडीतून नवे शिंपले काढून आणण्याचा मार्ग आता मोकळा नाही. जुनी खिडकी काढून टाकावी लागलीच, तर तिचे अखंड शिंपले कागदात गुंडाळून ठेवावेत. शेजारच्या घराची किंवा कपेलाची खिडकी त्यांनीच सांधली जाईल.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. साध्या लाकडी झडपेतील तावदान बदलण्यास एका माणसाला एक दुपार पुरते. पायांत बंद जोडा, हातांत जाड मोजे, डोळ्यांवर चष्मा. मुले, कोंबड्या आणि कुत्रा ह्यांना अंगणाच्या पलीकडे पाठवावे. झडप बिजागरीतून उतरवून मेजावर आडवी ठेवता आली तर उत्तम; न आल्यास खिडकीच्या दोन्ही अंगांना खाली गोणपाट अंथरावे. फुटक्या काचेवर सगळीकडून चिकटपट्टी लावावी, म्हणजे तुकडे एकमेकांना धरून राहतात. झडप उभीच असेल तर वरचा तुकडा आधी काढावा. खालचा आधी काढला तर वरचा तुकडा सुरीसारखा मनगटावर उतरतो.

जुने लुकण दगडासारखे झालेले असते. बोथट पटाशीने आणि हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी ते फोडून काढावे, खाचेतले बारीक खिळे पकडीने उपटावेत. झडपेवरील रंग जुना असेल, तर त्यात शिसे असण्याचा संभव आहे. २०१७ च्या नोव्हेंबरपासून आपल्या देशात घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० हून अधिक असता कामा नये असा नियम आहे. त्यापूर्वीच्या रंगाचा भरवसा धरू नये. असा रंग कोरडा घासू नये, पाणी शिंपडून ओला करावा, निघालेले पोपडे पुसून गोळा करावेत आणि हात धुतल्याखेरीज काही खाऊ नये. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते.

हात कापलाच तर स्वच्छ फडके जखमेवर घट्ट दाबून धरावे. तुकडा खोल रुतला असेल तर तो घरी ओढून काढू नये. तसेच दवाखाना गाठावा आणि धनुर्वाताच्या लसीविषयी डॉक्टरांना विचारावे.

आता फुटक्या काचेचे काय करावयाचे? ह्या प्रश्नाला आपण फार थोडा विचार देतो. घरचा केर उकिरड्यावर जातो, त्यातच काचही जाते. उकिरड्याचे खत उन्हाळ्यात गाडीने शेतात पडते, नांगरटीत मातीत मिसळते, आणि आषाढात त्याच चिखलात गुडघाभर उतरून बायका भाताची लावणी करतात. त्यांच्या पायांत काही नसते. चिखलात तुकडा दिसत नाही. पाय कापला तरी गार पाण्यात तो लगेच कळत नाही, आणि त्याच घाण पाण्यात संध्याकाळपर्यंत उभे राहावे लागते. बैलाच्या खुरातही हाच तुकडा रुततो. काच कुजत नाही. आज टाकलेला तुकडा नातवंडांच्या काळीही तितकाच धारदार राहील. जिच्या पायात तो जाईल ती बाई रोजावर आलेली असेल, आणि आठवडाभर तिचा रोज बुडेल. तेव्हा गोणपाट उचलण्यापूर्वी तुकडे मोजून एकमेकांना जुळवून पाहावेत, म्हणजे किती कमी पडतात ते समजते. राहिलेली कणी ओल्या कागदाने किंवा कणकेच्या गोळ्याने टिपावी, आणि तो गोळा गुरांपुढे जाऊ देऊ नये. सगळे तुकडे वर्तमानपत्राच्या अनेक घड्यांत गुंडाळून पत्र्याच्या रिकाम्या डब्यात भरावेत, झाकण दाबून वर ‘फुटकी काच’ असे ठळक लिहावे. भंगारवाला अखंड बाटली घेतो, तावदानाचे तुकडे सहसा घेत नाही. गावात कचरागाडी येत असेल तर डबा गाडीवाल्याच्या हाती सांगून द्यावा. नुसता पिशवीत टाकला तर त्याचा हात कापतो.

खाच मोकळी झाली की माप घ्यावे. रुंदी तीन ठिकाणी, उंची तीन ठिकाणी मोजावी, आणि सर्वांत कमी भरेल ते माप धरावे. त्यातून दोन्ही बाजूंस मिळून एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, वजा करावा. लाकूड फुगेल तेव्हा काचेला हलावयास जी जागा लागते ती हीच. जुन्या झडपा बहुधा काटकोनात राहिलेल्या नसतात. कोनाकोनी मापे सारखी आली नाहीत तर पुठ्ठ्याचा नमुना कापून तोच दुकानी न्यावा. लहान तावदानास तीन मिलिमीटर जाडीची काच पुरते, मोठ्यास चार घ्यावी. १२ इंच रुंद व १८ इंच उंच, तीन मिलिमीटर जाडीच्या काचेचे वजन एक किलोहून किंचित अधिक भरते.

काच दुकानातच कापून घ्यावी. कारागीर हिरकणीने किंवा पोलादी चाकाने तिच्यावर एकच रेघ ओढतो आणि दोन्ही अंगांना धरून ती मोडतो. तो काच कापीत नाही, तडा कोठून जावा हे तिला नेमून देतो. धारेवरून ओला सहाणदगड फिरवून ती बोथट करून मागावी. काच नेताना उभी न्यावी. आडवी धरली तर स्वतःच्या भारानेच मोडते. दुचाकीवर पुढच्याच्या पाठीला आणि मागच्याच्या छातीला लावून काच आणण्याची जी रीत पडली आहे, ती आपल्या तरुणांनी सोडावी.

बसवण्यासाठी लुकण लागते. दुकानात नुसती ‘पुट्टी’ मागितली तर हल्ली भिंतीला लावावयाची भुकटी हाती पडते. ती येथे चालत नाही. लुकण घरी करणे काही अवघड नाही. खडूची बारीक वस्त्रगाळ भुकटी घ्यावी, तीत जवसाचे कच्चे तेल थोडे थोडे घालीत मळावे. पोळीच्या कणकेहून थोडे घट्ट झाले आणि बोटांना चिकटेनासे झाले की जमले. ज्या हातांना कणकेची सवय आहे त्यांना हे काम सोपे जाते.  खाचेच्या कोऱ्या लाकडाला आधी जवसाच्या तेलाचा हात द्यावा. तसे न केल्यास लाकूड लुकणातले तेल शोषून घेते आणि लुकण वर्षभरात भेगाळते.

खाचेत सर्व बाजूंनी लुकणाची पातळ वळी दाबून बसवावी, तिच्यावर काच ठेवून फक्त कडांवर दाबावे. मध्यावर दाबले तर नवी काच जागीच मोडेल. मागून लुकण सारखे बाहेर आले की काच गादीवर बसली असे समजावे. मग प्रत्येक बाजूस दोन बिनडोक्याचे बारीक खिळे, हातोडी काचेवरून सरकवीत, काचेला न टोचतील असे मारावेत. शेवटी बाहेरच्या अंगाने लुकणाचा थर देऊन पाण्यात बुडवलेल्या बोथट सुरीने त्याला उतार द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी काचेच्या पायथ्याशी न साचता निथळून जाते. कोणाला लुकणाऐवजी लाकडी पट्टी ठोकावयाची असेल तर हरकत नाही. मात्र पट्टीखालीही लुकणाची वळी हवीच.

तेलाने भिजलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचे तेल वाळताना हवेतील प्राणवायू घेते आणि तापते. गोळा झालेल्या फडक्यांतून ही उष्णता बाहेर पडत नाही, आणि ती आपोआप पेट घेऊ शकतात. ती अंगणात सुटी पसरून वाळवावीत किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवावीत.

लुकणावर साय धरावयास एक ते दोन आठवडे लागतात. तोवर झडप आपटू देऊ नये आणि काच घासून पुसू नये. बोट लावून ठसा उमटेनासा झाला की तेलरंग द्यावा, आणि रंगाची कड लुकण ओलांडून काचेवर तांदळाच्या दाण्याच्या जाडीइतकी चढू द्यावी. पाणी आत शिरते ते ह्याच सांध्यातून. म्हणून हे काम वैशाखातच उरकलेले बरे. मृगाचा पाऊस लागल्यावर रंग वाळत नाही. उरलेल्या लुकणाचा गोळा तेलाचा हात फिरवून प्लास्टिकच्या कागदात घट्ट गुंडाळावा आणि हवाबंद डब्यात ठेवावा. काही महिन्यांनी काढला तरी थोडे मळले की तो पुन्हा मऊ होतो.